बारा गुणांचा मुलगा वर्गात नाही

घटक चाचणी झाली की प्रत्येक शाळेत एक तक्ता तयार होतो. पटावरील विद्यार्थी, हजर, उत्तीर्ण, शेकडा निकाल, सरासरी. मुख्याध्यापकांची सही होते, तक्ता फायलीत जातो आणि पुढच्या चाचणीपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. त्या रकान्यांत काही अर्थ आहे का, यावर शिक्षकखोलीत नेहमीच दोन पक्ष असतात. इथे बोलणारी दोघं म्हणजे अशा अनेक शिक्षकांची गोळाबेरीज आहे, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. एक मराठीच्या बाई, निवृत्तीला आलेल्या, बोर्डाचे पेपर वर्षानुवर्षं तपासलेल्या. दुसरे गणिताचे सर, वयाने बाईंच्या मुलाएवढे आणि लॅपटॉप उघडल्याशिवाय चहा न पिणारे. गुणही उदाहरणापुरते, सोपे करून घेतले आहेत.

विषय निघाला तो नववीच्या गणिताच्या वीस गुणांच्या चाचणीवरून. ‘अ’ तुकडीची सरासरी १२, ‘ब’ची सरासरीही १२. बाई ‘ब’च्या वर्गशिक्षिका.

बाई : सारख्याच निघाल्या की दोन्ही तुकड्या! आणि एवढ्यासाठी तुम्ही कालची संध्याकाळ घालवलीत?

सर : सरासरी सारखी निघाली, बाई. तुकड्या नाहीत. दोन्हीकडची दहा-दहा मुलं घेऊन दाखवतो. ‘अ’चे गुण १०, ११, ११, १२, १२, १२, १२, १३, १३, १४. ‘ब’चे ४, ५, ६, ६, ७ आणि मग एकदम १७, १८, १८, १९, २०. बेरीज दोन्हीकडे १२०.

बाई : म्हणजे ‘ब’मध्ये बारा गुणांचं पोर एकही नाही.

सर : एकही नाही. तरी तक्त्यात आपण लिहिणार ‘सरासरी १२’. मध्यक काढला तरी तेच. गुण चढत्या क्रमाने लावले की मधोमध ७ आणि १७ येतात, त्यांच्या मधला आकडा पुन्हा १२. टोकाचे आकडे असले तर सरासरीवर विसंबू नका, मध्यक बघा, असं आपणच मुलांना शिकवतो. इथे दोघंही फसवतात.

बाई : मग कळतं कशाने?

सर : गुण किती पसरलेत ते बघायचं. प्रत्येक मूल सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचं वर्गमूळ. हे प्रमाण विचलन. ‘अ’चं येतं १.१, ‘ब’चं जवळजवळ साडेसहा. खरं तर एवढ्या गणिताचीही गरज नाही. वहीच्या पानावर आडव्या रेघेत शून्य ते वीस लिहा आणि प्रत्येक मुलामागे एक फुली मारा. ‘ब’मध्ये फुल्यांचे दोन ढीग दिसतात, मध्ये मोकळं रान.

(सर जे ओघात बोलून गेले ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फुल्यांच्या या चित्राला ना संगणक लागतो ना सूत्र. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तरी ते केलेलं क्वचितच दिसतं, कारण तक्त्यात त्याला रकाना नाही.)

बाई : दोन ढीग आहेत हे मी जूनपासून सांगते आहे, सर. खालची पाचही वाड्यांवरची आहेत. त्यांची एसटी सव्वाअकराला येते आणि तुमचा गणिताचा तास अकराला सुरू होतो. हे तुमच्या विचलनात कुठे बसतं?

सर : कुठेच बसत नाही. पण तुम्ही जूनपासून सांगताय, मग वेळापत्रक बदललं का?

बाई : नाही बदललं. ‘बाई, तुम्हाला वाड्यांवरच्या पोरांचा फार कळवळा’ एवढं ऐकायला मिळालं.

सर : आता हा कागद घेऊन जा. कळवळ्याला उत्तर देता येतं, या दोन ढिगांना देता येणार नाही.

बाईंनी कागद घेतला. वेळापत्रक महिन्याभराने बदललं, गणित तिसऱ्या तासाला गेलं. पण त्या दिवशी वाद तिथे थांबला नाही, कारण सरांनी आणखी एक कागद काढला. वर प्रश्नांचे क्रमांक, डाव्या बाजूला मुलं, पूर्ण बरोबर उत्तराला १, अर्धवट किंवा चुकीच्याला ०.

सर : दोन-दोन गुणांचे दहा प्रश्न. आपण एरवी ओळी वाचतो. म्हणजे कोणाला किती मिळाले. मी उभे रकाने वाचतो. सहावा प्रश्न बघा. वीस मुलांत तो फक्त दोघांना आला, १९ आणि २० वाल्यांना. सतरा-अठरा गुणांची मुलंसुद्धा तिथे आडवी झाली. मला वाटलं, गुणोत्तराचा धडा मी नीट शिकवला नाही.

बाई : दाखवा बघू प्रश्न. (वाचतात.) अहो, हे वाक्य आहे की आगगाडी? ‘ज्या दोन संख्यांचे गुणोत्तर असे आहे की ज्यांतील लहान संख्येत जेवढे मिळवले असता...’ मला दोनदा वाचावं लागलं. तीन वाक्यं करा याची. पोरांचं गणित चुकलेलं नाही, त्यांना प्रश्नच लागला नाही.

सर : हे मला आकड्यांवरून कधीच कळलं नसतं.

बाई : आणि आकडे नसते तर हा प्रश्न माझ्या हातात आलाच नसता. असं म्हणू का? नको, एवढ्यात नाही म्हणत.

प्रश्नवार तक्त्यातून असं बरंच निघतं. एखादा प्रश्न हुशार मुलांचा चुकतो आणि एरवी मागे असणाऱ्यांचा बरोबर येतो. अशा वेळी उत्तरसूची तपासावी. बऱ्याचदा चूक तिच्यातच सापडते. सगळ्यांनाच आलेला प्रश्न मुलांना धीर देतो, पण कोण कुठे अडतं ते सांगत नाही. मोठ्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांमध्ये हे रोजचं काम असतं. शाळेत ते होत नाही, कारण शाळेला निकाल मुलांचा लावायचा असतो. पेपरचाही निकाल लागू शकतो हे कोणाच्या मनात येत नाही.

मग बाईंनी हल्ला चढवला.

बाई : एक अनुभवाची गोष्ट सांगते, तिला तुमच्याकडे काय उत्तर आहे बघू. एका पोराला १९ मिळाले, मी वर्गासमोर पाठ थोपटली, पुढच्या चाचणीत १४. दुसऱ्याला ५ होते, त्याला चांगला झापला, पुढच्या खेपेला ९. एकदा-दोनदा नव्हे, सगळी नोकरी मी हेच बघत आले. कौतुकाने पोरं शेफारतात आणि बोलणी खाल्ली की वळणावर येतात.

सर : बाई, अगदी हेच वाक्य डॅनिएल कानेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला इस्रायलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकाने ऐकवलं होतं. कसरत छान झाली म्हणून शाबासकी दिली की पुढची बिघडते, बिघडलेल्यावर ओरडलं की पुढची सुधारते, असं त्याचं म्हणणं. कानेमनला पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळं. पण या प्रसंगातून आपल्याला मोठी गोष्ट कळली, असं तो नेहमी सांगायचा.

बाई : कोणती?

सर : की ओरडलं नसतं तरी बहुतेक हेच झालं असतं. मुलाच्या गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, त्याला खरंच किती येतं ते. दुसरी, त्या दिवसाचा योग. वाचलेलंच आलं, रात्री झोप झाली नाही, शेजारच्या घरी लग्नाचा बँड होता. सगळ्यात वरचे गुण ज्यांना मिळतात, त्यांना येत तर असतंच, शिवाय त्या दिवशी योगही बाजूने असतो. पुढच्या वेळी योग तेवढा बाजूने असेलच असं नाही, म्हणून ते थोडे खाली येतात. तळाचे त्याच कारणाने थोडे वर जातात. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आई-वडिलांची आणि मुलांची उंची मांडून हे दाखवलं. फार उंच आई-वडिलांची मुलं उंच निघतात, पण सरासरीने त्यांच्याएवढी नाही.

बाई : म्हणजे माझी बोलणी फुकट गेली म्हणा!

सर : तेही सिद्ध होत नाही. ज्यांना ५ मिळाले आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, त्यांचं पुढे काय झालं, त्याच्याशी ताडून बघायला हवं.

बाई : मी काहीच बोलले नाही, असं पोर या शाळेत नाही. (थांबून) बरं, एक सांगा. गेल्या वर्षी तुम्ही तळाच्या आठ जणांचे जादा तास घेतलेत. पुढच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले म्हणून संस्थेच्या बैठकीत तुमचा सत्कार झाला. ते आठ जण निवडले कसे होते?

सर : एका चाचणीवरून. सगळ्यात कमी गुण होते ते आठ.

बाई : म्हणजे जादा तास घेतले नसते तरी ते थोडे वर आलेच असते?

सर : ...हो. थोडे आलेच असते.

बाई : श्रीफळ परत करायला सांगत नाही मी.

सर हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता. खरं सांगायचं तर शाळाशाळांमधल्या ‘कच्च्या’ मुलांच्या उपक्रमांचे अहवाल याच भोकातून गळतात. एका चाचणीवर मुलं निवडायची, दुसऱ्या चाचणीत त्यांची प्रगती मोजायची, आणि मधल्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय द्यायचं. निवड एका चाचणीवर आणि तुलना आणखी दोन चाचण्यांमध्ये, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मी फसवणूक टळेल. उपक्रम बंद करा, असा याचा अर्थ नाही. उपयोग झाला की नाही, ते या आकड्यांवरून कळत नाही, एवढंच.

मग गाडी दहावीच्या निकालावर आली. ती यायचीच. तालुक्याच्या चौकात दरवर्षी निकाल लागला की ‘१०० टक्के निकालाची परंपरा कायम’ असे फलक लागतात.

बाई : पलीकडच्या डोंगरातल्या शाळेचा निकाल यंदाही शंभर टक्के. आपला ब्याण्णव. आता इथे सूत्र चालवा.

सर : त्या शाळेतून परीक्षेला किती मुलं बसली?

बाई : दहा.

सर : आपली दोनशे. आता असं धरा की दोन्ही शाळांचं शिकवणं अगदी सारखं आहे, आणि कुठल्याही मुलाची पास होण्याची शक्यता शंभरात नव्वद. दहाच्या दहा पास होण्याची शक्यता किती? ०.९ ला दहा वेळा गुणायचं. येतात शंभरात पस्तीस. म्हणजे अशा दर तीन छोट्या शाळांमधल्या एकीवर फलक लागणार. दोनशेच्या दोनशे पास होण्याची शक्यता मात्र शे-दीडशे कोटींत एक. आपल्या शाळेवर तो फलक कधी लागणारच नाही. उलट बाजूही बघा. त्याच दहा मुलांच्या शाळांमध्ये शंभरातल्या सात शाळांचा निकाल सत्तर टक्के किंवा त्याहून खाली जाईल, आणि शिक्षणाधिकारी त्यांना कारणे दाखवा नोटीस काढतील. शिकवण्यात फरक शून्य.

बाई : म्हणजे यादीत वर लहान शाळा, आणि तळालाही लहान शाळाच.

सर : हॉवर्ड वेनर या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये नेमका यावर लेख लिहिला. पेन्सिल्व्हेनियातल्या शाळांचे गुण त्याने मांडले, तर वरच्या टोकाला लहान शाळा वाजवीपेक्षा जास्त होत्या, आणि खालच्या टोकालाही. गेट्स फाउंडेशनने त्याआधी लहान शाळा काढण्यावर अब्जाहून अधिक डॉलर खर्च केले होते. चांगल्या शाळांच्या यादीत लहान शाळा जास्त दिसतात, हे त्यामागचं एक कारण होतं. यादीचं दुसरं टोक बघायचं राहून गेलं. मग त्या फाउंडेशनने रोख बदलला.

बाई : तुमचं गणित पटलं, पण एके ठिकाणी खटकतं. दहा मुलांची शक्यता तुम्ही दहा वेळा गुणलीत. म्हणजे एकाच्या पास-नापासाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, असं धरलंत.

सर : हो, तसं धरावंच लागतं.

बाई : मग तुम्ही ती शाळा बघितलेली नाही. तिथे इंग्रजीला आणि गणिताला मिळून एकच मास्तर. तो बाळंतपणाच्या... म्हणजे त्याच्या बायकोच्या बाळंतपणाच्या रजेवर गेला की दहाही पोरांचं बुडतं. पेपरच्या दिवशी घाटात दरड आली की दहाही उशिरा पोचतात. ती पोरं एका दोरात बांधलेली आहेत, सर. एक बुडालं तर दहा बुडतात, तरली तर दहा तरतात.

सर : (विचार करून) मग निकाल माझ्या गणितापेक्षाही जास्त हेलकावे खाईल. शंभर टक्के जास्त वेळा येतील, आणि फार वाईटही जास्त वेळा.

बाई : म्हणजे मास्तरचं श्रेय तुम्ही पुसता तसं पूर्ण पुसलं जात नाही. मास्तर असण्या-नसण्यानेच तर हेलकावा येतो!

इथे मला बाईंचं म्हणणं अधिक खोल वाटतं. संख्याशास्त्राच्या पुस्तकातलं ‘परस्परांवर अवलंबून नसलेल्या घटना’ हे गृहीतक वर्गात क्वचितच पाळलं जातं. एका बाकावरची मुलं, एका क्लासची मुलं, एका गाडीने येणारी मुलं एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. मात्र सरांचा मूळ मुद्दा त्याने ढळत नाही. एका वर्षाच्या दहा मुलांवरून शाळा जोखायची नाही. पाच वर्षांची पन्नास मुलं घ्या, मग बोलू.

सर : आता पालक सभेत मी काय करणार ते ऐका. सगळ्या तुकड्यांच्या सरासऱ्या आणि प्रमाण विचलनं, दोन्ही फलकावर लावणार. पालकांनाही कळू दे.

बाई : लावू नका.

सर : का? लपवायचं काय त्यात?

बाई : सरासरी फलकावर गेली की ती वर्गशिक्षकाची इभ्रत होते. मग चाचणी सोपी काढतात. कच्च्या मुलाला त्या दिवशी ‘बरं नसतं’. पर्यवेक्षक खिडकीतून बाहेर बघतात. हे मी बघितलंय, आणि असं करणारी माणसं वाईट नव्हती.

सर : हे मी नाकारू शकत नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात हेच नियमासारखं मांडलं आहे. आणि अटलांटा शहरात तर हे भयंकर पातळीवर घडलं. चाचण्यांच्या गुणांवर मुख्याध्यापकांचा मानमरातब ठरायचा. २०११ मध्ये राज्य सरकारच्या चौकशीत निघालं की तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांमध्ये गैरप्रकार झाले, आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात होते. उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर चुकीची उत्तरं खोडून बरोबर करायचे.

बाई : बघा!

सर : पण ते पकडलं कशाने, तेही ऐका. खोडलेल्या उत्तरांनी. मुलं उत्तरं खोडतातच, पण राज्यभरच्या वर्गांत चुकीचं खोडून बरोबर केल्याची सरासरी किती आणि ती किती पसरलेली, हे ठाऊक होतं. काही वर्गांत हे प्रमाण त्या सरासरीपासून इतकं लांब होतं की योगायोग म्हणायची सोयच राहिली नाही. तेच प्रमाण विचलन, बाई, जे तुम्हाला सकाळी नको होतं.

बाई : आधी आकड्यांच्या भीतीने चोरी, मग आकड्यांनी चोर पकडायचा. पोरं मधल्यामध्ये. नाही, फलक लावू नकाच. प्रश्नवार लावा हवं तर. ‘सहावा प्रश्न, वीस जणांत दोघांना’. त्याने कोणाचं नाक कापलं जात नाही.

सर : पालक विचारतील, आमच्या मुलाचा नंबर कितवा.

बाई : विचारतातच. परवा एकजण सांगत होते, मुलीला सीईटीला ८५ टक्के पडले. मी म्हटलं, अहो ते पर्सेंटाइल. शंभरातली ८५ मुलं तिच्या मागे किंवा बरोबर, एवढाच त्याचा अर्थ. पेपरात निम्मे गुण असतील किंवा नसतील.

सर : आणि मधल्या गर्दीत एका प्रश्नाने पर्सेंटाइल किती हलतो, ते कोणी सांगत नाही. वरच्या टोकाला दहावीचीच गंमत बघा. उत्तम पाच विषय धरायचे, कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळवायचे, की शंभर टक्केवाली मुलं आता दरवर्षी शंभराहून जास्त. दहा किलोच्या काट्यावर बाराचं पोतं ठेवा नाहीतर पंधराचं, काटा दहावरच थांबतो.

बाई : बोर्डाचं निघालंच म्हणून सांगते. तिथला एक आकडा तुमच्या फुल्यांच्या चित्रात जपून बघा. ३५ च्या आधीचा. ३३, ३४ वर पेपर ठेवायला परीक्षकाचा हात धजत नाही. निबंधात एक गुण सापडतोच. नियामकही मान डोलावतो.

सर : हे पोलंडमध्ये चित्रात दिसलंय. तिथे शालान्त परीक्षेला मातुरा म्हणतात. मातृभाषेचा, म्हणजे पोलिशचा पेपर ७० गुणांचा होता आणि पास व्हायला ३० टक्के, म्हणजे २१ गुण लागायचे. त्यांच्या परीक्षा मंडळाने सगळ्या मुलांच्या गुणांचा आलेख छापला. छान घंटेसारखा चढत येतो, २१ च्या अलीकडे खड्डा पडतो आणि २१ वर एकदम सुळका.

बाई : म्हणजे तिथल्या भाषेच्या बाईही माझ्यासारख्याच. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

सर : लाज नाही. पण २० वाल्याला दिलेला तो एक गुण १६ वाल्याला मिळत नाही, आणि ३० वाल्यालाही मिळत नाही. शिवाय २१ आणि २२ यांतल्या फरकाला मग काही अर्थ उरत नाही.

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या गठ्ठ्यातून निबंधाचे पेपर काढले.

बाई : तीस आहेत. दहा गुणांचा निबंध. मी तपासलेत, गुण आत लिहिलेत. ते पान झाकून झेरॉक्स काढा, नावंही झाकायची. दुसऱ्या कोणीतरी तपासायचे आणि गुण वेगळ्या कागदावर लिहायचे, पेपरवर नाही. मग तुम्ही दोन्ही याद्या शेजारी मांडा. माझ्या सातला त्यांचे किती, माझ्या चारला किती.

सर : फरक दोन-तीन गुणांचा निघाला, तर नववीचे क्रमांक सगळे हलतील.

बाई : हलू देत. क्रमांक फलकावर लागणारच नाहीत, हे आताच ठरलंय.

सर : ते ठरलेलं नाही, बाई. ते फक्त तुम्ही म्हणालात.

बाई : बरं, ते मुख्याध्यापकांपुढे बघू.

सर : आणि दुसऱ्यांदा तपासणार कोण?

बाई : हिंदीच्या मॅडमना सांगते. त्यांचा हात माझ्यापेक्षा सैल आहे, असं सगळी शाळा म्हणते. किती सैल, ते एकदा कळू दे.